मांडवात दिला तर मान

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आजवर जेवढी लग्नं लागली, त्यातली निम्मी भटजींनी लावली असतील, निम्मी गावच्या जाणत्या बायकांनी गाणी म्हणून लावली असतील, आणि उरलेली सगळी माझ्या मामेसासऱ्यांनी माईकवरून लावलेली आहेत. हिशोब जुळत नाही म्हणता? नाहीच जुळायचा. हा माणूस कुठल्याच हिशोबात बसत नाही, तर ह्यात कसा बसेल! माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. गाव जामसर, काम भातशेती, आणि आवड म्हणाल तर दुसऱ्याच्या लग्नात उभं राहणं. बसलेले मामा मी कुठल्याही लग्नात पाहिलेले नाहीत. मांडवात शिरले की कुणाला काही विचारणं नाही, सरळ माईकवाल्यासमोर जाऊन हात पुढे करतात. आणि तो माईकवाला बहुतेक वेळा मीच असतो, कारण जव्हारला माझं मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. जावई म्हणून मामा मला ‘अहो जावईबापू’ करतात, घरी गेलो की कोंबडी कापतात, आणि त्या बदल्यात माझा माईक स्वतःच्या बापाचा समजतात.

माईक हातात आला की मामांची भाषा बदलते. एरवी घरी, शेतावर, एसटीत आमच्याकडची बोली. पण माईकवर एकदम शाळेतल्या हेडमास्तरांची मराठी. ‘उपस्थित पाहुणेमंडळींना नम्र विनंती’ ह्याच्याखाली गाडी येत नाही. दुसरे लोक माईक हातात घेऊन ‘हॅलो हॅलो’ करतात. मामा म्हणतात, ‘आवाज सर्वांना ऐकू येतो आहे काय? ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी कृपया हात वर करावा.’ कुणीच हात वर करत नाही, आणि मामा समाधानाने पुढे जातात. मग चपला नीट ठेवा, कुत्रं फिरतं आहे. ज्या पाहुण्यांनी दोनदा भात घेतला आहे त्यांनी आता डाळीकडे लक्ष द्यावे. नवरीच्या मावशीने रडणे थोडे उशिरा सुरू करावे, अजून अक्षता व्हायच्या आहेत. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला माईकवरून ताठ बसायला सांगितलं होतं. तो बिचारा पुढे आठवडाभर ताठच बसत होता म्हणे.

पण हे सगळं तोंडी लावायला. मामांचं खरं राज्य टॉवेल-टोपीचं. आमच्याकडे पाहुणा नुसता जेवून गेला म्हणजे काही पाहुणा होत नाही. त्याचं नाव पुकारायचं, त्याला मांडवात पुढे बोलवायचं, चार लोकांसमोर खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी घालायची, तेव्हा त्याचा मान झाला. हे टॉवेल मिळतात कसले, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ह्या लग्नातून त्या लग्नात, त्यातून तिसऱ्या, अंग पुसायचा योग त्यांच्या नशिबी नसतो. एकदा खोडाळ्याच्या बाजूला कुणीतरी मामांच्याच खांद्यावर एक हिरवा टॉवेल घातला. मामांनी त्याचा कोपरा उलटा करून हळदीचा डाग पाहिला आणि तिथल्या तिथे म्हणाले, ‘हा माझा! मी दिलेला. बघा कसा घाट चढून घरी आला!’ यजमानाचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि मामा मात्र जुना बैल ओळखावा तसा त्या टॉवेलावरून हात फिरवत होते. बाजारात टॉवेल घ्यायला गेले की दुकानदाराला घाम फुटतो. मामा टॉवेल उजेडासमोर धरतात. ‘ह्यातून मला तुमचा सगळा दुकान दिसतो. हा टॉवेल नाय, हा टॉवेलाचा फोटो आहे.’

आता एवढ्या मानपानवाल्या माणसाच्या हातूनच एक मान राहिला. तोही कुठे, तर माझ्याच लग्नात! जामसरला मामांच्या दारात आमचं लग्न लागलं. आमची मुलगी आता सहावीत आहे, म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच बघा. मामांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, वांगणीला दिलेली. तिचे यजमान, वांगणीचे दाजी, हे फार कमी बोलणारं आणि फार लक्षात ठेवणारं प्रकरण. त्या दिवशी काय झालं, आचाऱ्याची आदल्या रात्रीची अजून उतरलेली नव्हती, आणि मागच्या बाजूला भात करपायला लागला. दाजींना वास आला. कुणी सांगितलं नव्हतं, पण सदरा काढून ते उठले आणि सगळ्या वऱ्हाडाचा भात सांभाळत चुलीपाशी उभे राहिले. इकडे पुढे मामांनी पुकारलं, ‘वांगणीचे दाजी, कृपया मांडवात यावे.’ तीनदा पुकारलं. कर्णे सगळे रस्त्याकडे तोंड करून. वाटेने जाणाऱ्या एसटीला ऐकू गेलं असेल, पण चुलीपाशी बायकांचा कलकलाट आणि लाकडांचा धूर. तीनदा पुकारून माणूस आला नाही की नाव पुढे सरकतं, ही रीत. मामांनी नाव पुढे सरकवलं. दाजी भात उतरवून, काळे हात पुसत मांडवात आले तेव्हा त्यांचा टॉवेल एका ट्रॅक्टरवाल्याच्या खांद्यावर होता. दाजींनी तो बघितला, सदरा घातला, बायकोला म्हणाले, ‘चल.’ ज्या भाताला त्यांनी वाचवलं त्यातलं एक शीत त्यांनी तोंडात घातलं नाही.

तेव्हापासून मावशीचं माहेर तुटलं. दाजींनी अडवलं वगैरे मुळीच नाही हो. ते म्हणायचे, ‘जा की. मी कुठं धरून ठेवलाय?’ पण नवऱ्याचा मान जिथे झाला नाही तिथे बायकोने कुठल्या तोंडाने जायचं? भाऊबीज आली की मामा दारात बसून रस्ता बघायचे, आणि मामी उगीच भांडी आपटायच्या. एवढं झालं तरी मामा काही चूक कबूल करायचे नाहीत. ‘तीनदा पुकारलं मी. रीत म्हंजे रीत.’ मात्र त्यानंतरच्या लग्नांत काय सुरू झालं ते मला विचारा! माणूस समोर आल्याशिवाय मामा पुढचं नावच घेईनात. एकाला पुकारत राहिले, तो निघाला घरी जायला. मामा त्याच्या जीपमागे टॉवेल हलवत धावले आणि चालत्या जीपच्या खिडकीतून तो त्याच्या गळ्यात टाकून आले. इकडे जेवणं खोळंबली, नवरदेव पेंगायला लागला, आणि माझ्या बॅटरीने मान टाकली. मी चिडलो. मामा धापा टाकत म्हणाले, ‘जावईबापू, एक माणूस राहिला म्हंजे काय होतं ते तुमाला नाय माहीत.’ मला चांगलं माहीत होतं, पण सासुरवाडीच्या माणसाला किती बोलणार?

प्रयत्न त्यांनी केले नाहीत असं नाही. लग्नानंतर आठच दिवसांनी टॉवेल-टोपी घेऊन वांगणीला गेले होते. दाजींनी चहा पाजला, टॉवेल खुंटीला अडकवला आणि म्हणाले, ‘घरात दिला तर टॉवेल. मांडवात दिला तर मान.’ बोलणं संपलं. मामांनी मग आपल्याकडच्या प्रत्येक लग्नाची पत्रिका वांगणीला धाडायला सुरुवात केली, आणि दाजींना प्रत्येक लग्नाच्या दिवशी ताप यायला लागला.

अशात तो टॉवेल आला. मामांची मुलगी डहाणूकडे समुद्रकाठच्या एका हॉटेलात कपडे धुवायच्या कामाला आहे. कोण्या पाहुणीचा टॉवेल खोलीत राहिला, महिनोन् महिने कुणी विचारायला आलं नाही, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, घेऊन जा. पोरीला बापाचं वेड माहीत. तो टॉवेल मामांनी जामसरच्या अंगणात उलगडला तेव्हा मी तिथे होतो. उलगडतायत, उलगडतायत, संपेचना. आमच्या पलंगावरची चादर त्याच्यापुढे पोरगी दिसली असती. एका बाजूला मखमल, दुसऱ्या बाजूला जाड टर्किश, आणि मखमलीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका फळाचा फोटो. लालभडक फळ, अंगभर केस, आणि शेजारी त्यातलंच एक कापून ठेवलेलं, आत पांढरं, ओलं, डोळ्यासारखं वटारलेलं. मामी मागे सरकल्या. ‘अग्गं बाय! हा तर बोहाड्यात मुखवटा घालून नाचतो तो राक्षस.’ शेजारचा म्हातारा म्हणाला, समुद्रातलं जनावर असणार, कापल्यावर आत अंडं दिसतंय. माझ्या मुलीने मोबाईलवर शोधून सांगितलं की ह्याला रांबुतान म्हणतात, तिकडे लांबच्या देशात होतं. मामांनी मोबाईलकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि निकाल दिला, ‘फणसाच्या कुळातला आहे. थंडीच्या मुलखात वाढला म्हणून केस आले.’ मग टॉवेलाचा कोपरा बादलीत बुडवला, पिळला, गालाला लावला. म्हणाले, ‘हा दाजींचा.’

मामींचा मात्र वेगळाच पेच. आमच्या डोंगरात नवं पीक, नवी भाजी, नवं फळ आधी देवाला दाखवायचं, मग माणसांनी शिवायचं. फोटोतलं झालं म्हणून काय झालं, फळ ते फळच! मी आपला शहाणपणा करायला गेलो, ‘मामी, ते छापलेलं आहे.’ मामी म्हणाल्या, ‘देवसुदा छापलेलेच आहेत भिंतीवर.’ ह्यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा. त्यांनी टॉवेलाची अशी घडी घातली की फळ बरोबर वर येईल, देवापुढे ठेवला, त्या केसाळ फळावर तांदूळ वाहिले, दिवा दाखवला, आणि मगच तो ट्रंकेत गेला.

दिवाळी उरकली आणि मामा जव्हारला माझ्या गोदामात येऊन उभे राहिले. ‘जावईबापू, चार बांबू, एक कर्णा, एक माईक, बॅटरी.’ मी विचारलं, लग्न कुणाचं? म्हणाले, ‘कुणाचा नाय.’ बारसं? ‘नाय.’ मग काय मांडव उन्हात वाळत घालणार आहात काय? तर म्हणाले, ‘दाजी मांडवात येत नाय. मग मांडव दाजींकडं जाईल.’ मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मामा, वयाचा तरी विचार करा, गाव हसेल. ‘हसू दे ना! हसायला म्हणून तरी चार माणसं येतील का नाय? मानाला चारच लागतात.’ मी म्हटलं, शिमग्यानंतर बघू, आता माझा धंद्याचा हंगाम तोंडावर आला आहे. तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. ‘दोन दिवसांत वीटभट्टीचे ट्रक येतील. माणसं भट्टीवर कामाला जातील, वांगणी रिकामी होईल. मग रिकाम्या गावात कुणासमोर मान करू? आनी पुढच्या दिवाळीला माझी थोरली बाय असेल का मी असेन, कुणी सांगितलाय?’ गाडीची किल्ली माझ्या हातात कधी आली मला कळलंच नाही.

वावर गावाच्या पुढे रस्ता म्हणजे नुसती अफवा आहे. माझी पिकअप ओढ्यापाशी थांबली, आणि पुढे बांबू माझ्या खांद्यावर, कर्णा डोक्यावर, बॅटरी माझ्या दुकानातल्या दोन पोरांच्या मध्ये अशी आमची वरात निघाली. सर्वात पुढे मामा, काखेत टॉवेल, आणि मागून मामी. वांगणीच्या लोकांनी सामान बांधायचं सोडलं आणि आमच्यामागे निघाले. दाजींच्या अंगणात मावशी सुपात नागली पाखडत बसल्या होत्या. भावाला बघून त्यांचं सूप थांबलं. दाजी उठले आणि आत गेले, दार अर्धं लोटलं. मामांनी खड्डे खणले, बांबू रोवले, वर जांभळाच्या डहाळ्या टाकल्या. गावातला जो तो विचारी, नवरी कोण, नवरा कोण? मी काय सांगणार, कपाळ! शेवटी मामींनीच सांगून टाकलं, ‘टॉवेलाचा लग्न आहे, बसा.’ आणि लोक बसले हो! चांगले मांडी घालून बसले.

मामांनी माईक घेतला. ह्या वेळी कर्णा त्यांनी स्वतः फिरवून बरोबर दाजींच्या दाराकडे लावला होता. ‘उपस्थित पाहुणेमंडळींना नम्र विनंती. वांगणीचे दाजी, कृपया मांडवात यावे.’ आतून काही नाही. पुन्हा पुकारलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा पुकारलं. रीत संपली, पण मामा कुठले थांबतात! चौथ्यांदा, पाचव्यांदा, ऊन कलायला लागलं, समोरच्या डोंगरावरून ‘दाजी, दाजी’ असं परत यायला लागलं, कोंबड्या झाडावर चढल्या. लोकांचं हसूही हसून संपलं. एका म्हातारीने टॉवेलाला बोट लावून विचारलं, ‘हा फळ कसला गं?’ मामींनी तोंड उघडण्याच्या आत दारामागून आवाज आला, खर्जातला, ‘देवाला दाखवला का तो?’

 त्या खुंटीवरच्या टॉवेलानंतर दाजींनी आमच्या घराशी केलेलं हे पहिलं बोलणं. मामी ताडकन म्हणाल्या, ‘दाखवला दाजी! तांदूळ वाहिले, दिवा केला!’ दार थोडं उघडलं. दाजी उंबऱ्यापर्यंत आले, उघड्या डोक्याने, आणि टॉवेलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘टोपी?’

मेलो! टोपी आणायला विसरलेले! ज्याने निम्म्या तालुक्याला टोप्या घातल्या, तो माणूस ऐन वेळेला टोपी विसरला. लोकांत खसखस पिकली. मामांचा चेहरा असा पडला की मलाच भडभडून आलं. त्यांनी माईक तोंडाशी नेला, आणि सवयीने म्हणाले, ‘मी तीनदा पुकारलं होतं, दाजी. त्या दिवशी.’ दाजी शांतपणे म्हणाले, ‘पुकारलास. तीनदा पुकारलास. पण एकदा बघाय नाय आलास.’

मामांच्या हातातला माईक खाली आला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा वर नेला, आणि त्यांच्या तोंडून हेडमास्तरांची मराठी निघालीच नाही. ‘चुकला माझा दाजी. बघाय यायला पायजे होता. चुकला.’ कर्ण्यातून ते वांगणीभर गेलं, ओढ्यापलीकडे गेलं. माईक जमिनीवर ठेवून मामा उंबऱ्यापाशी चालत गेले, दाजींचा हात धरला आणि त्यांना मांडवात आणलं. स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि तो टॉवेल खांद्यावर घातला. खांद्यावरून तो गुडघ्यापर्यंत उतरला, आणि छातीवर ते केसाळ लाल फळ. आमच्या मुलखात एवढ्या मापाचा मान आजवर कुणाचाही झाला नसेल. दाजींनी टॉवेलाचा काठ बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, ‘जाड आहे.’ मामा रडत होते. मी माझ्या बॅटरीकडे बघत उभा राहिलो, म्हणजे कुणाला माझं तोंड दिसू नये.

मावशी केव्हा आत गेल्या ते कुणी पाहिलं नाही. बाहेर आल्या तेव्हा अंगावर चांगलं लुगडं होतं आणि हातात पिशवी. दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, ‘जा पुढं. मी उद्या येतो, गुरांची सोय करून.’ मामांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर ती मावशींनी दिली नाही. ओढ्यापर्यंत स्वतःच धरून चालल्या. पिकअपमध्ये माझ्या शेजारी त्या आणि मामी, मागे पोरांजवळ बांबूंवर मामा, बोडक्या डोक्याने, वाऱ्यात. रस्ताभर मावशी जामसरबद्दल विचारत होत्या. हा गेला का, तिला पोरं किती, तळ्याच्या कडेचं मोहाचं झाड आहे का तोडलं.

जामसरला अंधार पडल्यावर पोचलो. मावशी उतरल्या आणि झपाझप अंगणातून डावीकडे गेल्या, पायांना वाट पाठ होती. आणि भिंतीपाशी जाऊन थांबल्या. घरकुल मंजूर झालं तेव्हा मामांनी जुनं घर पाडून नवं बांधलं होतं, दार रस्त्याच्या बाजूला काढलं होतं. मावशींनी भिंतीला हात लावला, चाचपून बघितली. म्हणाल्या, ‘आपला दार इकडं होता ना रे?’

मामा मागे उभे होते.  जवळ जाऊन त्यांनी बहिणीचा हात भिंतीवरून काढून आपल्या हातात घेतला.

‘होता बाय. हलवला. तू नव्हतीस, कुणाला विचारणार?’

आणि घराला वळसा घालून ते तिला पुढच्या दाराने आत घेऊन गेले.